मक्याची ओळ

पहाटे स्वयंपाकघरातला दिवा लागायच्या आधीच ओढ्याकडून तो आवाज यायचा. घर्रर्र, आणि मग पाचोळ्यावर गारा पडाव्यात तशी टपटप. क्षणभरच. मग पुन्हा सगळं गप्प. आर्डिथ पेटस पिठात हात घालून उभी असायची, तिचा हात तिथेच थांबायचा. कारण त्यामागून पलीकडच्या खोलीतून तिच्या नवऱ्याचा, होलिसचा आवाज येणार, हे तिला ठाऊक असायचं.

"टाकला. ऐकलंस? टाकला मेल्यानं."

"ऐकलं रे."

"हरणांचा हंगाम केव्हाच संपला, आणि हा अजून टाकतोय."

एवढं बोलण्यातच त्याचा दम संपायचा. मग नळीतून येणाऱ्या ऑक्सिजनची सुसू तेवढी ऐकू यायची.

ओढ्याकाठच्या जुन्या ओकच्या झाडाखाली तीन पायांवर एक हिरवं पिंप उभं होतं. पिंपात मका, बुडाशी फिरकी आणि फिरकीला घड्याळ. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ती फिरकी गरगरायची आणि चहूकडे मका उधळायची. हरणांसाठी. बर्मिंगहॅमच्या हॅवरफील्डनं पेटसांचं रान हरणांच्या शिकारीसाठी भाड्यानं घेतलं होतं. जमिनीचा कर त्यातूनच निघायचा, म्हणून जावयानंच ते जमवून दिलं होतं. हरणांना मका घालायची हॅवरफील्डला रीतसर परवानगी होती. टर्की या रानपक्ष्याचं मात्र तसं नव्हतं. वसंतात टर्कीचा हंगाम उघडला, की ज्या जागी मका पडलाय तिथे टर्कीवर बंदूक उचलायची नाही. मका काढून टाकला तरी शेवटचा दाणा गेल्यापासून दहा दिवस उचलायची नाही. मका कोणी टाकला, कोणासाठी टाकला, हे कोणी विचारत नाही.

आणि हॅवरफील्डनं नाताळानंतर कोणालाही न विचारता पिंप हलवून उभं केलं होतं ते नेमकं त्या ओकखाली.

सगळ्या रानात होलिस जाऊ शकेल अशी तेवढी एकच जागा उरली होती. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत भुसा श्वासात ओढून त्याची फुप्फुसं जुन्या गोणपाटासारखी झाली होती. चढ चढणं संपलं होतं. ओकपर्यंत सपाट वाट जायची आणि गाडीही जायची. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसलं की समोर ओढा, ओढ्यापलीकडे पाइनची रांग. त्या रांगेतल्या एका उंच फांदीवर डीकन झोपायचा.

डीकन हे टर्कीच्या एका जुन्या नराचं नाव. छातीवरची दाढी जवळजवळ जमिनीला टेकलेली, आणि चाल अशी की रविवारी चर्चमध्ये वर्गणीची थाळी घेऊन निघालेला वडीलधारा डीकनच. तीन वसंत होलिस त्याच्यावर टपून होता, मादीचा आवाज काढून त्याला बोलवायचा. पहिल्या वर्षी डीकन अर्ध्या वाटेवर येऊन परत फिरला. दुसऱ्या वर्षी होलिसला नेमका तेव्हाच खोकला आला. तिसरं वर्ष, म्हणजे गेलं, सगळं इस्पितळात गेलं. तिथल्या खिडकीतून गाड्या उभ्या करायचं आवार दिसायचं, आणि पहाट झाली की होलिस मान त्या बाजूला वळवून पडायचा. निघताना डॉक्टर पुष्कळ बोलला, पण पुढच्या वसंताबद्दल काहीच बोलला नाही. आर्डिथनंही विचारलं नाही.

बोलवायची डबी होलिसच्या बापानं केलेली होती. कुंपणाच्या जुन्या देवदार खांबातून कोरलेली, वर पातळ झाकण, झाकणाला खडू लावायचा. झाकण डबीच्या कडेवर घासलं की टर्कीची मादी बोलते. आर्डिथ सतरा वर्षांची असताना होलिस तिच्या बापाच्या कुंपणामागे उभा राहून हीच डबी वाजवायचा. तिचा बाप बंदूक घेऊन बाहेर धावायचा, आणि आर्डिथ मागच्या दारानं. त्या काळी रानात टर्की औषधालासुद्धा उरली नव्हती. बापाला एवढं तरी कळायला हवं होतं, असं ती पुढे म्हणायची. आता टर्की परत आल्या होत्या. बाप राहिला नव्हता.

तिनं हॅवरफील्डच्या कचेरीत फोन लावला. बाईनं थांबा म्हटलं आणि गाणं लावून दिलं. गाणं संपलं, दुसरं लागलं. आर्डिथ फोन खांद्याशी धरून शेंगा निवडत राहिली. शेवटी तो आला.

"मिस आर्डिथ! काय म्हणतायत मिस्टर होलिस?"

"आहेत. ते पिंप तेवढं हलवायचं होतं. टर्कीचा हंगाम येतोय."

"हो हो, नक्की. या शनिवारी येतोच."

"मागच्या शनिवारीपण हेच म्हणालात."

तो हसला. "कामं असतात हो. आणि एक सांगू? तुम्ही हात नका लावू त्याला. महागाचं आहे, कुलूप आहे. शिवाय कॅमेरा आहे तिथे, मला इथे बसून सगळं दिसतं. परवा सकाळी तुम्हीच होतात ना? गुलाबी झग्यात?"

आर्डिथच्या कानाच्या पाळ्या तापल्या. परवा उठल्या उठल्या ती तशीच, अंगातल्या झग्यावर होलिसचा कोट चढवून, मका किती उरलाय ते बघायला गेली होती. स्वतःच्या रानात. कोटाची बटणं लावली होती की नाही, हे तिला दिवसभर आठवेना.

"काय म्हणाला?" होलिसनं विचारलं.

"शनिवारी येतो म्हणाला."

झग्याचं तिनं सांगितलं नाही.

शनिवारी हॅवरफील्ड आला नाही, डेल्मर आला. होलिसचा धाकटा भाऊ, ओढ्यापलीकडच्या रानाचा मालक. त्याचं येणं म्हणजे गाडीतून न उतरता काच खाली करून बोलणं. आज मात्र तो उतरला आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसला.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "तुझ्या ओकखाली मका."

"माझा नाही."

"माझ्या वेळी मीपण हेच म्हणालो होतो."

 होलिस नळी नाकाशी नीट करत राहिला. आर्डिथ कॉफी घेऊन आली आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली. या दोन भावांमध्ये उभं राहायची तिला जुनी सवय होती.

गोष्ट खूप जुनी होती. डेल्मरनं पलीकडे मका टाकून टर्की मारली, आणि होलिसनंच ते शिकारीचे नियम सांभाळणाऱ्या तेव्हाच्या वॉर्डनला सांगितलं. डेल्मरला दंड झाला तो झालाच, पण बंदूकही जप्त झाली. ती त्यांच्या बापाची होती. "मक्यावर मारलेला पक्षी म्हणजे चोरी," असं होलिस चर्चच्या दारात सगळ्यांसमोर म्हणाला होता. त्यानंतर किती नाताळ दोन टेबलांवर जेवून झाले, ते आर्डिथनं मोजायचं सोडून दिलं होतं.

"माझ्या बाजूला ये," डेल्मर म्हणाला. "मी हल्ली टाकत नाही. देवाशपथ."

"चढ आहे."

"पाठीवर घेऊन जातो."

"तू? तुझी कंबर धरायला दोन माणसं लागतात."

डेल्मर हसला. मग कॉफीच्या कपात बघत म्हणाला, "मग बस ना ओकखालीच. वॉर्डन काय तुझ्या नळीला बेड्या घालणारेय?"

"तुझ्या त्या बंदुकीचं काय मग?" होलिस म्हणाला. "ती कशासाठी गेली?"

 डेल्मरनं उरलेली कॉफी अंगणात फेकली. कोंबड्या धावत आल्या, चोची मारून बघितल्या आणि रागावून परत गेल्या.

आठवड्याच्या मध्यात हॅवरफील्डनं स्वतःहून फोन केला. त्याला यायला काही जमत नव्हतं. कुलपाचा आकडा देतो, घड्याळ बंद करा, हवं तर पिंप फाटकापाशी आणून ठेवा, पोरं येऊन घेऊन जातील. "पण जपून हं, मिस आर्डिथ. पाय वाकतात त्याचे." हंगाम उघडायला जेमतेम दहा-बारा दिवस उरले होते. आर्डिथनं आकडा भिंतीवर पेन्सिलीनं लिहून घेतला आणि लगेच बूट चढवले.

दगड वाहायची जुनी लाकडी घसरगाडी कोठाराच्या मागे पडली होती. तिच्यावरची वेल तिनं कोयत्यानं तोडली. ट्रॅक्टर चालू व्हायला तयार नव्हता, होलिस गाडीच्या खिडकीतून ओरडला, "हवा कमी कर. कमी! अगं, तो दट्ट्या!" आणि खोकत बसला. शेवटी ट्रॅक्टर सुरू झाला. ती पुढे, मागे साखळीनं घसरगाडी, तिच्यामागे गाडीत होलिस, ऑक्सिजनचा सिलिंडर मांडीशी. पाइनच्या फुलोऱ्याची पिवळी पूड साऱ्या रानावर बसली होती. गाडीच्या काचेवर, तिच्या बाह्यांवर, होलिसच्या टोपीवर. डॉगवूडची झाडं पांढरी फुलली होती. कधी काळी अशा दिवसांत दोघं याच वाटेनं मासे धरायला जायची.

पिंपाजवळ गेल्यावर तिनं आधी कॅमेऱ्याकडे न बघताच त्याच्यावर आपली टोपी अडकवली. कुलूप काढलं. घड्याळ बंद केलं. बॅटरी उपटून खिशात टाकली. मग पिंप तिरकं करून, खांदा लावून, घसरगाडीवर लोळवलं. गुडघ्यात काहीतरी कडकन वाजलं. होलिस गाडीचं दार उघडून एक पाय खाली टाकून बसला होता, उतरू शकत नव्हता.

"थांब, मी येतो."

"बस तिथेच. पडलास तर तुलापण घसरगाडीवर टाकावं लागेल."

"झाकण बांध."

"बांधतेय."

तिनं झाकण तारेनं करकचून बांधलं. जन्मभर तिनं पिठाची पिंपं हलवली होती, भुशाची, पेंडीची. पिंप म्हटलं की तोंड वर, हे तिच्या हातांना पक्कं ठाऊक होतं. झाकण बांधलं की काम झालं. या पिंपाला बुडाशीही तोंड होतं, तिथून मका फिरकीवर उतरायचा, हे तिनं रोज ऐकलं होतं, पण त्या क्षणी तिच्या हातांना आठवलं नाही. पिंप अर्धं भरलेलं होतं.

मग ओकखालची जमीन. तिनं दाताळ्यानं पाचोळा ओढला, मका आणि माती पोत्यात भरली, दोन पोती झाली. दुपार कलली होती. पोती घसरगाडीवर टाकून ती निघाली. होलिस पुढे जाऊन फाटक उघडून ठेवतो म्हणाला, तेवढं त्याला गाडीच्या नाकानं ढकलून करता यायचं. म्हणजे मागे कोणीच नव्हतं. ट्रॅक्टरचा धडधडाट असा की स्वतःचा खोकला ऐकू येऊ नये. ती समोर बघत होती. वाट ओढ्याकडून वर येते, घराच्या अंगणाला खेटून वळते आणि फाटकाकडे जाते. दर खड्ड्यात घसरगाडी उडत होती. तिला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी काहीतरी हातून झालं होतं.

फाटकापाशी तिनं ट्रॅक्टर बंद केला, उतरली, आणि होलिसच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो तिच्या मागे बघत होता.

लाल मातीच्या वाटेवर मधोमध एक पिवळी ओळ होती. पेरणीच्या यंत्रानं घालावी तशी नीट. फाटकापासून अंगणापर्यंत, अंगणाला वळसा घालून खाली, आणि खाली ओढ्यापर्यंत.

पिंपाला हात लावला तर ते पोकळ वाजलं.

"होलिस," ती म्हणाली. 

त्यानं ओळ खाली वळणापर्यंत नजरेनं मोजली. मग म्हणाला, "सरळ घातलीस की. माझी कधी एवढी सरळ आली नाही."

ती घसरगाडीच्या कडेवर बसली आणि रडली. त्याला येऊन हात ठेवायचा होता, पण सिलिंडरची नळी तेवढी लांब नव्हती.

दुसऱ्या दिवशी होलिसनं स्वतःच वॉर्डनला फोन करायला लावला. आर्डिथ म्हणाली, "कशाला सांगायचं? आपणच वेचून टाकू." पण तो ऐकेना. "सांगितलं की सुटतो माणूस," तो म्हणाला.

वॉर्डन रॅन्डल स्वॉफर्ड हा चांगला माणूस होता. त्याचा बाप होलिसबरोबर गिरणीत होता, आणि लहानपणी रॅन्डलनं याच व्हरांड्यावर आर्डिथच्या हातचा पीचचा मुरंबा खाल्ला होता. तो टोपी हातात घेऊन त्या ओळीच्या कडेकडेनं चालत गेला आणि चालत परत आला. बुटाला लागलेले दाणे त्यानं पायरीवर झटकले, मग ओशाळून उचलून खिशात टाकले.

"मिस्टर होलिस, मला खोटं बोलता यायचं नाही."

"बोलू नकोस."

"ओक तर गेलाच. आता हेही सगळं त्यात आलं."

"किती लांबपर्यंत?" आर्डिथनं विचारलं.

"नियमात आकडा नाही, मिस आर्डिथ. पक्षी मक्याकडे ज्या वाटेनं येईल ती वाटसुद्धा धरतात. शेवटचा दाणा गेला की मला बोलवा. तिथून दहा दिवस."

"आणि ते ठरवणार कोण, शेवटचा कुठला ते?"

रॅन्डलनं टोपी फिरवली. "मीच," तो म्हणाला. स्वतःलाच ते आवडलं नसावं.

मग वेचणं सुरू झालं. आर्डिथ बादली घेऊन गुडघ्यांखाली पोतं घालून बसायची आणि पुढे सरकायची. बोटांची पेरं आधीच सुजलेली, चिमटीत दाणा यायचा नाही. यायचा तो निसटायचा. होलिस व्हरांड्यातून बघत बसायचा. एकदा त्यानं काठीच्या टोकाला डिंक लावून खुर्चीतून पायरीखालचे दाणे टिपायचा खेळ करून बघितला. चार टिपले, आणि ओठ निळे पडले.

तिसऱ्या दिवशी डेल्मर आला. हातात पाचोळा उडवायचं यंत्र. "एका तासात साफ करतो," म्हणाला आणि चालू केलं. दाणे उडून गवतात, काटेरी झुडपात, खंदकात, सगळीकडे गेले.

"बंद कर! मेल्या, बंद कर ते!" आर्डिथ ओरडली.

त्यानं बंद केलं. मान खाली घालून उभा राहिला. मग बादली पालथी घालून तिच्यावर बसला, आणि वेचायला लागला. त्याची बोटं तिच्यापेक्षा जाड होती.

"आयुष्यभर मका टाकला," तो म्हणाला, "आणि आता वेचतोय. देवाला काही काम नसलं की असं करतो तो."

"बोलू नकोस. वेच."

"कोंबड्या का नाही सोडत?"

हे मात्र कोणाला सुचलं नव्हतं. आर्डिथनं खुराड्याचं दार उघडलं. कोंबड्या आधी बिचकल्या, मग ओळ सापडल्यावर एकामागे एक अशा निघाल्या की जणू चर्चची मिरवणूक. दिवसभर कोंबड्या त्या ओळीवर असायच्या, आणि संध्याकाळी आर्डिथनं डबा वाजवला की परत यायच्या. एक ससाण्यानं नेली. उरलेल्यांनी अंगणापासून अर्ध्या उतारापर्यंत जमीन घासूनपुसून साफ केली.

आणि मग पाऊस आला. दोन दिवस नुसता धो-धो. उताराचे दाणे वाहून लाल चिखलात रुतले, काही ओढ्याकाठच्या गाळात. हंगाम उघडला तो त्या पावसात. पहाटे लांब कुठेतरी बंदुकीचा आवाज झाला, आणि होलिसनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

पाऊस थांबला तेव्हा खालच्या वाटेवर मधोमध हिरवी ओळ उभी होती. कोंब फुटले होते. बोटभर उंच, टवटवीत, ओळीत.

रॅन्डल पुन्हा आला. वाकून बघितलं.

"रुजला तो दाणा राहिला नाही," तो हळूच म्हणाला. "तो झाड झाला. पण हा बघा, याच्या शेजारचा. रुजला नाही."

"कुजलाय तो," आर्डिथ म्हणाली.

"टर्की कुजकापण खाते, मिस आर्डिथ."

त्या रात्री जेवताना तिनं ताटात मक्याची भाकरी वाढली. होलिसनं तिच्याकडे बघितलं. "ही चालते ना? की हिच्यावरही रॅन्डलला बोलवायचं?" ती हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आला म्हणून चुलीकडे वळली.

चिखलातून तिनं कोंबांसकट सगळं खुरप्यानं उकरून काढलं. पाठ सरळ होईना तेव्हा गुडघ्यांवर, गुडघे चालेनात तेव्हा कुशीवर आडवं पडून. डेल्मर रोज यायचा, शिव्या देत वेचायचा, जेवायला थांबायचा नाही. एके दुपारी मात्र थांबला. तिघं एकाच टेबलाशी बसली.  भाऊ भावाला लोणी सरकवत होता, आणि आर्डिथ आपल्या ताटात बघत होती, म्हणजे तिनं बघितलं असं कोणाला वाटू नये.

शेवटी रॅन्डलनं वाट, उतार, ओकखालची जमीन, सगळं फिरून बघितलं आणि मान डोलावली. आता दहा दिवस. हंगामाचा शेवटचा रविवार त्यांच्या पलीकडे एकटाच उरत होता.

"एक दिवस पुरे," होलिस म्हणाला. "मला किती लागतात?"

बुधवारी रात्री त्याला श्वास घेता येईना. रुग्णवाहिका त्याच वाटेनं आली आणि त्याच वाटेनं त्याला घेऊन गेली. शनिवारी संध्याकाळी तो परत आला. घरीच ठेवा, असं या वेळी डॉक्टर म्हणाला होता, आणि आर्डिथला कळायचं ते कळलं होतं. आता सिलिंडर नव्हता, भलंमोठं यंत्र होतं, भिंतीतल्या विजेवर चालणारं. त्याची नळी स्वयंपाकघरातून व्हरांड्याच्या कठड्यापर्यंत पोचायची. कठड्यापुढे नाही.

ओक साफ होता. वाट साफ होती. जाणारा माणूस उरला नव्हता.

रविवारी पहाटे होलिस म्हणाला, "मला बाहेर बसव."

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, पायांवर गोधडी टाकली. मग न विचारता आत जाऊन बंदूक आणली आणि त्याच्या मांडीवर आडवी ठेवली. डबी खिशात दिली. हंगामाचा शेवटचा दिवस होता. माणसाजवळ त्याची वस्तू असावी. मग रोजच्यासारखी खुराड्याकडे गेली, कोंबड्या सोडल्या, डब्यातून मुठी भरभरून दाणे अंगणात टाकले. रोजची सवय. हात आपोआप फिरला.

ती डबा घेऊन पायरीवर येऊन बसली तेव्हा होलिस झाकणाला खडू लावत होता. डबी आधी नुसतीच किरकिरली. दुसऱ्यांदा ती बोलली. तीनदा, मग थांबून एकदा, हलकेच. कुंपणामागे उभा राहून बोलवायचा तशी.

ओढ्याकडून उत्तर आलं.

आर्डिथनं मान वळवली. होलिसनं डोळे मिटले होते. त्यानं पुन्हा बोलावलं, आणि या वेळी उत्तर जवळून आलं, उताराच्या मध्यातून. जिथून ओळ वर यायची तिथून. डीकन पावसाआधीच ती वाट शिकला असणार. दाणे सरले, पण त्याच्या पायांना वाट पाठ होती.

तो वळणावर दिसला. उन्हात त्याची पाठ तांब्यासारखी चमकली. दाढी जमिनीला टेकत होती. सावकाश, कुठे वेळेवर पोचायचं आहे असं काही नाही, अशा चालीनं तो अंगणात आला, कोंबड्यांमध्ये. कोंबड्यांनी त्याला जागा दिली. त्यानं शेपटीचा पंखा उघडला, पंख जमिनीला घासत एक फेरी घेतली, डोकं निळं-पांढरं झालं. आणि मग पंखा मिटून, मान खाली घालून, तो दाणे टिपायला लागला.

खुर्चीपासून तो इतका जवळ होता की त्याच्या पायाची नखी दिसत होती.

होलिसच्या हाताखाली बंदूक होती. अंगठा घोड्यावर गेला, हे आर्डिथनं बघितलं.

"होलिस," ती ओठांतच म्हणाली. "मार. कोण बघतंय?"

यंत्र आत सुसू करत होतं. होलिस डीकनकडे बघत होता, मग डीकनच्या पायांशी बघत होता. मक्याचे पिवळे दाणे, तिनं आत्ताच टाकलेले. आर्डिथलाही ते आत्ताच दिसले. तिनं तोंडावर हात ठेवला.

"कोंबड्यांचेच आहेत रे," ती म्हणाली. "कोंबड्यांसाठी टाकलेत मी."

"हो," तो म्हणाला. "हरणांसाठीपण कोणीतरी टाकलेच होते."

त्यानं घोड्यावरचा अंगठा काढला. बंदूक उचलून कठड्याला टेकवायची होती, पण ती त्याला उचलली गेली नाही. म्हणून मांडीवर तशीच राहू दिली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

डीकननं एक एक करून पायरीजवळचे दाणे संपवले. मान वर केली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वळणाकडे एक पाऊल टाकलं.

होलिस पुढे झुकला. नळी ताणली गेली, नाकातून सुटता सुटता राहिली.

"आर्डिथ," तो म्हणाला. "टाक अजून मूठभर."

तिनं न उठता, बसल्या जागेवरून, हात हळूच डब्यात घातला.